रंग बदलणारा खडा बघायचा कसा? एक आजोबांचा, एक दलालाचा, दोन्ही दुकानात सारखेच दिसतायत

मच्छे_रोड

नमस्कार मंडळी. इथं रोज सोन्याच्या भावावर चर्चा चाललेली असते म्हणून हाही प्रश्न इथंच टाकतोय. बायकोच्या वाढदिवसाला अंगठी करायची आहे, वाढदिवस जूनमध्ये, आणि तिनं कुठंतरी वाचलंय की जूनचा खडा म्हणजे अलेक्झांड्राइट, दिवसा हिरवा आणि रात्री लाल. आता झालंय असं की माझ्यापुढं दोन खडे आहेत आणि डोकं चालेनासं झालंय.

पहिला घरचा. आजोबा मिलिटरीत होते, १९५६ नंतर युएनच्या शांतिसेनेबरोबर गाझा-इजिप्तकडं जाऊन आलेले, तिकडच्या बाजारातनं आणलेला. आजीच्या ट्रंकेत पुडीत सुटाच पडून होता. चांगला मोठा आहे, ८ कॅरेटच्या आसपास, आत एकदम स्वच्छ, ओसरीवर धरला की राखाडी निळा आणि देवघरात समईजवळ नेला की जांभळा गुलाबी, म्हणजे पोरं बघून ओरडतात इतका फरक.

दुसरा कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ऊठबस असणाऱ्या ओळखीच्या दलालानं आणलाय, सव्वा कॅरेटचा, दिवसा मळकट हिरवा, बल्बखाली तपकिरी लालसर, आत बारीक जाळं दिसतंय, आणि किंमत सांगतोय लाखाच्या वर. मी म्हटलं ह्याच्यापेक्षा आजोबांचा दहा पट भारी की. तर तो हसला नुसता.

इथं बेळगावात गणपत गल्लीत एका दुकानात दोन्ही नेऊन दाखवले तर तिथल्या पांढऱ्या लाइटखाली दोन्ही मेल्यासारखे दिसले, ना हिरवा ना लाल. तर ह्या खड्यांची क्वालिटी ठरवतात कशी? रंग किती बदलला ते बघायचं की रंग कसा आहे ते? जाणकारांनी सांगावं.

सराफ_कट्टा

वो साहेब, दुकानात कळणार कसं की. शहापुरात सराफी दुकानात आयुष्य चाललंय माझं म्हणून सांगतोय, आजकाल सगळ्या दुकानांत पांढरे एलईडी असतात, हिरा चमकावा म्हणून लावलेले. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर, त्याच्यात गडद लाल प्रकाश फार थोडा असतोय. लाल प्रकाशच नाही तर खडा लाल दिसणार कुठनं? आणि धड दिवसाचा उजेड पण नव्हे तो, म्हणून हिरवा पण नीट येत नाही. मोबाइलच्या टॉर्चचं तेच. दलाल लोक टॉर्च मारून दाखवतात ना, त्या टॉर्चवर काही ठरवू नका.

दोन उजेड पाहिजेत आणि दोन्ही खरे पाहिजेत. एक दिवसाचा, म्हणजे उत्तरेकडची खिडकी, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधला, सरळ ऊन नको. आपल्याकडं पावसाळ्यात जो ढगाळ उजेड असतोय तो पण चालतोय, उलट बरा. संध्याकाळचं पिवळं ऊन असेल तर खडा आपसूक लालीकडं झुकतोय, ते बघून फसायचं नाही. आणि खिडकीबाहेर आंब्याचं झाड असलं तर त्याची हिरवी छटा खड्यात येते, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, त्या लाल मखमली डबीतनं तर आधी बाहेर काढा.

दुसरा तारेचा पिवळा बल्ब, जुना ६० वॅटचा. आता मिळत नाही म्हणाल तर पोल्ट्रीवाल्यांकडं पिल्लांच्या शेडमध्ये असतोय, नाहीतर जुन्या बाइकचा हॅलोजन हेडलाइट. समई तर सगळ्यात बेस्ट, तिच्यात लाल भरपूर. फक्त लक्षात ठेवा, समईत साधारण बदलाचा खडा पण जरा जास्तच लाल दिसतोय, म्हणून समईत बघून भाव ठरवू नये, बल्बमध्ये ठरवावा. आणि एका उजेडातनं दुसऱ्या उजेडात आल्यावर दोन मिनिटं थांबा की वो, डोळ्याला त्या उजेडाची सवय होऊ द्या, मग बघा.

आजोबांच्या खड्याबद्दल मी काही बोलत नाही, मनात एक शंका आहे पण आधी बाकीच्यांचं येऊ दे.

क्रिस्टल_काकू

कट्टेवाल्यांनी उजेडाचं नीट सांगितलंय. मी रत्नशास्त्राचा कोर्स केलेला आहे, त्यामुळे जरा लांबड लागेल, वाचा.

आधी हे का होतं ते. अलेक्झांड्राइट म्हणजे क्रायसोबेरिल, म्हणजे आपल्या नवरत्नातला लसण्या ज्या खनिजाचा असतो तेच खनिज, बेरिलियम आणि अॅल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात काही अॅल्युमिनियमच्या जागी क्रोमियम शिरलं की तो खडा पिवळा प्रकाश, साधारण ५८० नॅनोमीटरच्या आसपासचा, गिळून टाकतो आणि हिरवा आणि लाल असे दोन्ही सोडतो. माणकाला लाल करतं ते क्रोमियम आणि पाचूला हिरवं करतं तेही क्रोमियमच, हा त्या दोघांच्या बरोबर मध्ये अडकलेला. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर म्हणून पारडं हिरव्याकडं, बल्बमध्ये लाल भरपूर म्हणून लालकडं. खड्यात काहीच बदलत नाही, पडणारा उजेड बदलतो. १८३० च्या दशकात रशियात उरल पर्वतात पाचूच्या खाणींत हा सापडला आणि तिथल्या युवराज अलेक्झांडरचं नाव त्याला दिलं, तोच पुढं झार दुसरा अलेक्झांडर झाला.

आता क्वालिटी. लोक विचारतात बदल किती टक्के? ८० टक्के, ९० टक्के असं विकणारे सांगतात, पण हा आकडा कुठल्या मशीनमधून येत नाही, डोळ्यानं केलेला अंदाज असतो, आणि ज्याला विकायचंय त्याच्या डोळ्याचा असेल तर काय सांगायचं. मी तीन गोष्टी बघते. दिवसाचा रंग स्वतःच्या बळावर चांगला आहे का, म्हणजे तो निळसर हिरवा आहे की पिवळट, खाकी, मळकट. बल्बमधला रंग जांभळट लाल, रासबेरीसारखा आहे की नुसता तपकिरी. आणि बदल टेबलच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, सगळ्या भागात होतो का की एका कोपऱ्यातच लाल ठिणगी दिसते आणि बाकी हिरवाच राहतो. तिसरी गोष्ट फार लोक बघतच नाहीत. चांगल्या खड्यात दोन्ही उजेडांत उलट्या रंगाचं शिल्लक राहिलेलं गढूळपण कमी असतं. ह्या उरलेल्या तपकिरी-करड्या छटेवर किंमत धाडकन पडते.

"दिवसा पाचू, रात्री माणिक" हे वाक्य सगळ्या जाहिरातींत असतं. तसा खडा फार फार क्वचित. श्रीलंकेचे बरेचसे पिवळट हिरव्यातून तपकिरी लालकडं जाणारे असतात, आकारानं मात्र मोठे आणि स्वच्छ मिळतात. ब्राझीलमध्ये मिनास जेराइस राज्यात हेमाटिटाला १९८७ मध्ये मोठा साठा लागला, तिथल्या उत्तम खड्यांनी निळसर हिरवा ते जांभळा लाल असा माप घालून दिल्यासारखा बदल दाखवला. आपल्या देशातही निघतात, आंध्रात विशाखापट्टणमकडं, ओडिशात, आणि छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात सेंदमुडाला. म्हणून भारतातला म्हटला की खोटा असं नाही, पण गावाच्या नावावर पैसे द्यायचे नाहीत, खडा समोर ठेवून द्यायचे.

कापणं पण बघा. हा खडा तीन दिशांनी तीन वेगळे रंग दाखवतो, हिरवा, नारिंगी आणि जांभळा लाल, तोही एकाच उजेडात. कारागिरानं वजन वाचवायला टेबल चुकीच्या बाजूनं घेतला तर बदल दबतो आणि कायम नारिंगी झाक राहते. इथेच लोकांची गल्लत होते, खडा बोटात फिरवल्यावर रंग बदलला की त्याला रंगबदल म्हणतात. तो वेगळा गुण, टांझानाइट आणि आयोलाइटमध्येही आहे. खडा हलवायचा नाही, उजेड बदलायचा, तेव्हा जो फरक पडतो तो खरा.

तुमच्या दलालाचा खडा मी न बघता एवढंच म्हणेन की मळकट हिरवा ते तपकिरी ही सगळ्यात खालची जोडी. खरा असू शकतो, जाळं आहे म्हणजे खरा असण्याची शक्यता वाढते, पण खरा असणं आणि चांगला असणं ह्या दोन वेगळ्या पावत्या आहेत.

निपाणी_एक्सप्रेस

काकू मस्त लिहिलंय, पण एका गोष्टीवर मी भांडणार. रंग सुंदर पाहिजे मान्य, पण बदलच कमी असेल तर अलेक्झांड्राइट घेऊन करायचं काय? मग साधा हिरवा क्रायसोबेरिल घ्या की. मला दोन सुमार रंग चालतील पण फरक दणक्यात पाहिजे, लग्नात कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे 😄

आणि इन्स्टावरच्या खड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिथं दोन फोटो टाकतात, एक गर्द हिरवा आणि एक रक्तासारखा लाल. फोनचा कॅमेरा व्हाइट बॅलन्स स्वतःच फिरवतो, तो पिवळा उजेड पांढरा करायला बघतो, त्यामुळे कधी बदल खातो तर कधी फिल्टर मारून दुप्पट करतो. विकणाऱ्याला सांगायचं, व्हिडिओ एकाच टेकमध्ये पाहिजे, बाजूला कोरा पांढरा कागद आणि स्वतःचा हात दिसला पाहिजे, व्हाइट बॅलन्स लॉक करून, खिडकीपासून बल्बपर्यंत चालत ये. हात हिरवा दिसायला लागला की समजायचं फोटोतच गडबड आहे. मी असं मागितलं की निम्मे जण रिप्लायच देत नाहीत.

जूनच्या खड्याचं म्हणाल तर ती यादी अमेरिकेतल्या ज्वेलर लोकांनी १९१२ मध्ये केलेली, त्यात अलेक्झांड्राइट १९५२ मध्ये घुसवला. आपल्या पत्रिकेशी त्याचा संबंध नाही, नवरत्नात तो नाहीच. आमच्याकडं एकजण बुधासाठी पाचूऐवजी हा घाला म्हणून सांगत फिरतोय, त्याला पोथीतलं पान दाखव म्हटलं तर विषय बदलला. बायकोला आवडलाय ना, बास झालं की, घाला.

सराफ_कट्टा

निपाणीवाले, दणक्यात बदल पाहिजे म्हणता ना, तीच तर गोष्ट आहे. आता बोलतो आजोबांच्या खड्याबद्दल, राग मानू नका.

राखाडी निळ्यातनं जांभळा गुलाबी, ८ कॅरेट, आत स्वच्छ, आणि इजिप्तच्या बाजारातनं. हे वर्णन ऐकून जुन्या सराफाच्या डोक्यात एकच येतंय. व्हर्न्यूइ नावाच्या फ्रेंच माणसानं १९०२ मध्ये ज्वाळेत पावडर वितळवून माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, आणि त्याच पद्धतीनं कोरंडममध्ये व्हॅनेडियम घालून रंग बदलणारा खडा तयार करायला लागले. कोरंडम म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, आपल्या यमनापूरच्या फॅक्टरीत बॉक्साइटपासून जी पांढरी अॅल्युमिना पावडर निघते तेच रसायन. हे खडे जगभर बाजारात, बंदरांवर, टुरिस्ट लोकांना अलेक्झांड्राइट म्हणून विकले गेले, इजिप्तमध्ये तर भरपूर. मिलिटरीतल्या, बोटीवरच्या, गल्फमधल्या लोकांनी आणलेले असे खडे आमच्याकडं बरेच येतात. आणि साहेब, ज्यानं विकलं त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

खऱ्या अलेक्झांड्राइटचा दिवसाचा रंग हिरव्या घराण्यातला असतोय, राखाडी निळा नव्हे. पण नुसतं रंगावरनं मी सांगणार नाही. खडा सुटा आहे ना? मग पाण्यात तोला. कॅरेटचा काटा असलेल्या कुठल्याही ओळखीच्या दुकानात होतंय. काट्यावर पाण्याचा ग्लास न टेकवता स्टँडवर ठेवायचा, खडा बारीक तारेच्या झोळीत टांगायचा, तारेचं वजन आधी झिरो करायचं, खड्याला बुडबुडे चिकटले तर ब्रशनं काढायचे. हवेतलं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन. कोरंडम ४.०० येतंय, अलेक्झांड्राइट ३.७३ च्या जवळ. सव्वा कॅरेटच्या खड्यात फरक इतका बारीक पडतोय की काट्यावर भरवसा नको, पण ८ कॅरेटमध्ये लपायचं नाही.

मच्छे_रोड

केलं एकदाचं. टिळकवाडीत मित्राचं दुकान आहे, गर्दी नसताना बसलो. हवेत ८.१२ कॅरेट, पाण्यात ६.०९. म्हणजे २.०३ कमी झालं आणि भागाकार बरोबर ४.०० येतोय. अलेक्झांड्राइट असता तर २.१८ कमी व्हायला पाहिजे होतं, बरोबर ना? म्हणजे कोरंडम. आईला सांगितलं तर ती म्हणाली तुझ्या आजोबांनी आणलाय तो, पाण्यात काय तोलतोस.

पण कोरंडम म्हणजे नीलमच ना? रंग बदलणारा नैसर्गिक नीलम पण असतो असं वाचलं. मग हा तो नसेल कशावरनं?

क्रिस्टल_काकू

प्रश्न बरोबर आहे. रंग बदलणारा नैसर्गिक नीलम असतो, श्रीलंकेत, टांझानियात उंबा नदीच्या खोऱ्यात, मादागास्करमध्ये, दिवसा निळा आणि बल्बमध्ये जांभळा, आणि तिथंही काम बऱ्याचदा व्हॅनेडियमच करतं. पाण्यातलं वजन आणि रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा (१.७६२ ते १.७७०) दोन्हींचं सारखंच येणार. इथं काटा संपला, लूप, म्हणजे सराफाचं भिंग, हातात घ्यायचा.

दहा पट लूप घ्या, खडा पाण्याच्या पांढऱ्या वाटीत बुडवा आणि मागून उजेड सोडा. ज्वाळेत वाढवलेल्या खड्यात थर गोलाईत चढतात, म्हणून आत वाकड्या, कमानीसारख्या रेषा दिसतात, जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डवरच्या खाचांसारख्या, कधी बारीक गोल बुडबुडे. नैसर्गिक नीलमात रेषा असल्याच तर सरळ, कोनात मिळणाऱ्या, शिवाय रेशमासारख्या सुया, बोटाच्या ठशासारखे पडदे. ह्या कमानी बघायला चिकाटी लागते, खडा फिरवत राहायचा. ८ कॅरेटचा, एवढा स्वच्छ आणि एवढा जोरात बदलणारा नैसर्गिक नीलम १९५० च्या दशकात शिपायाला परवडेल अशा भावात बाजारात मिळाला असेल ह्यावर मी पैज लावणार नाही. पण खात्री करायची तर जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी आहे (आता तिचं नाव IIGJ-RLC), मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, तिथं रिपोर्ट करून घ्या.

आता बाजारात आणखी एक जात आहे ती पण सांगून ठेवते, खरोखर अलेक्झांड्राइटच पण लॅबमध्ये वाढवलेला. तो पाण्यात ३.७३ च देणार, बदलही झकास देणार, फक्त जमिनीतून आलेला नाही. त्यामुळे तुमचा दलालाचा सव्वा कॅरेटवाला काट्यावर पास झाला असता तरी तेवढ्यावर सोडायचा नाही. त्यातलं जाळं लूपखाली काय दिसतं ते लॅबच सांगेल. एकूण माझा अनुभव असा की मोठा, स्वच्छ, जोरदार बदल आणि स्वस्त, हे चारही एका खड्यात आले की तो माणसानं बनवलेला असतो.

निपाणी_एक्सप्रेस

ह्यात माझंच तत्त्व उडालं 😂 दणक्यात बदल म्हटलं तर आजोबांचा पहिला यायचा.

मच्छेवाले, बजेट लाखाचं असेल तर गार्नेट का बघत नाही? रंग बदलणारं गार्नेट, मादागास्करच्या बेकिलीचं, दिवसा निळसर हिरवं आणि बल्बमध्ये जांभळं लाल, काही काही खडे तर अलेक्झांड्राइटला लाजवतात. आणि गार्नेट सहसा गरम करून रंग सुधारत नाहीत, तेवढी कटकट कमी. मोठे मात्र क्वचित मिळतात.

तुर्कस्तानचा डायास्पोर पण आहे, तो ऑनलाइन लई दिसतो, हिरवटातून गुलाबीकडं. पण तो रोजच्या अंगठीत नको.

सराफ_कट्टा

डायास्पोरचं बरोबर, एका दिशेत तो सहज चिरतो, कडकपणा, हिऱ्याला दहा धरून, साडेसहा-सातच्या मध्ये, जडवताना कारागिराचा हात थरथरतोय. पेंडंटला ठीक. गार्नेट सात-साडेसात, चालतंय, जपून. अलेक्झांड्राइट साडेआठ म्हणजे रोज घालायला सगळ्यात बिनघोर, अंगठीत भाकरी थापली तरी काही होत नाही, पीठ तेवढं धुवा.

दलालाला एकच सांगा, रिपोर्ट आल्यावर पैसे. खरा असेल तर तो नाही म्हणणार नाही. रिपोर्टवर तीन शब्द बघायचे, नैसर्गिक आहे का, अलेक्झांड्राइट लिहिलंय की नुसतं क्रायसोबेरिल, आणि ट्रीटमेंट काही आहे का. कारण बदल पुरेसा नसेल तर लॅब अलेक्झांड्राइट लिहीतच नाही, आणि मळकट खड्यांत हे होतंय. नुसतं क्रायसोबेरिल लिहून आलं तर लाखाचा विषय तिथंच संपला. वजन रत्तीत सांगत असेल तर कॅरेटमध्ये मागा, १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, रत्तीचं माप दुकानागणिक हलतंय. आणि हॉलमार्क सोन्याचा असतोय, खड्याचा नव्हे, बिलावर खड्याचं नाव आणि नैसर्गिक हा शब्द वेगळा लिहून घ्या.

मच्छे_रोड

सगळ्यांचे आभार. दलालाला रिपोर्टचं बोललो, म्हणतोय विचार करून सांगतो, म्हणजे काय ते कळलं मला. गार्नेट बघतोय आता, व्हिडिओ मागवलाय, कागद आणि हात दोन्ही दिसायला पाहिजेत म्हणून सांगितलंय.

आजोबांचा खडा बायकोनंच मागितला, म्हणाली तोच घालते, बदलतोय ना. मग त्याला कशात बसवू? आणि बनवताना काही काळजी?

सराफ_कट्टा

चांदीत करा, उंच बैठकीत, मागून मोकळा ठेवा म्हणजे उजेड आत जाईल. कोरंडम नऊ नंबरचं, ओरखडा पडायचा नाही. फक्त अंगठीला डाग द्यायचं, म्हणजे ज्वाळेनं सांधे जोडायचं, काम आधी उरकून घ्या आणि खडा शेवटी बसवा, टॉर्चच्या ज्वाळेखाली खडा ठेवून डाग मारणारे कारागीर आहेत आपल्याकडं, मी बघितलेत.